नॉर्व्हलने भरलेली काडतुसं

शुक्रवारची दुपार होती आणि आर्डिसचं चित्त कशातच लागत नव्हतं. बटाटे सोलायला घेतले, अर्धे सोलून तसेच पाण्यात टाकले. झाडू उचलला, भिंतीला टेकवून ठेवला. सकाळी वाचायचं स्तोत्र सकाळीच वाचून झालं होतं, तरी पुन्हा उघडून पाहिलं आणि एकाच ओळीवर डोळे घासत राहिली. उद्या पहाटे शिकारीचा हंगाम उघडायचा. लग्न होऊन या दरीत आल्यापासून हा दिवस नॉर्व्हलशिवाय कधी उजाडला नव्हता. एप्रिलमध्ये तो झोपेतच गेला, आणि बर्फ वितळून पुन्हा पडायची वेळ आली तरी त्याच्या तळघराला तिनं हात लावला नव्हता.

आज हात लावत होता तो डेल्मर, नॉर्व्हलचा धाकटा भाऊ. जिना चढून तो वर आला तेव्हा त्याच्या छातीशी जड खोकं होतं आणि कानाला कोळ्याचं जाळं लागलं होतं.

"काडतुसं भरायच्या यंत्राला गिऱ्हाईक मिळेल बघ," खोकं टेबलावर ठेवत तो म्हणाला. "वजनाचा काटा चांगला आहे. शिसं वितळवायचं भांडं मीच घेतो, मासेमारीची वजनं ओतायला. पण ही भरलेली काडतुसं... यांना कुत्रंही विचारणार नाही."

"का रे? काय झालंय त्यांना? दुकानात एका डबीला किती पडतात ते मला दर वर्षी ऐकावं लागायचं."

"दुकानातल्या डबीला पडतात. ही घरी भरलेली. दुसऱ्यानं भरलेलं काडतूस आपल्या बंदुकीत घालायचं नाही, असा नियमच आहे. मग तो बाप असो की भाऊ."

"तू तर इतकी वर्षं नेत होतास त्याच्याकडून."

डेल्मरनं कानावरचं जाळं काढलं, बोटाला चिकटलं, ते पँटला पुसलं. सगळं झाल्यावर म्हणाला, "नेत होतो."

"म्हणजे?"

"नेत होतो गं. नको कसं म्हणणार? गॅरेजमध्ये फळीवर ओळीनं लावून ठेवल्यात सगळ्या डब्या. आणि उडवायचो दुकानातली. आता तो नाही म्हणून सांगतोय, जिवंत असता तर जिभेवर आलं नसतं माझ्या."

आर्डिसला हसू आलं आणि त्याच हसण्यात कुठेतरी काटा मोडला. नॉर्व्हल दर ऑक्टोबरात त्या डब्या कशा कागदात बांधून द्यायचा, ते तिनं पाहिलं होतं.

"त्याच्या बचतीचं काय सांगू तुला," डेल्मर आता सुटलाच. "वापरलेल्या पुंगळ्या वेचायच्या, तळाला ठिणगीची नवी टोपी बसवायची, पावडर घालायची, वर गोळी दाबायची, की झालं, पाव किमतीत काडतूस. बरोबर आहे, हिशेब बरोबर आहे! पण त्यासाठी आधी यंत्र घेतलं. मग काटा. मग पहिला काटा खरं बोलतो की नाही ते बघायला दुसरा काटा. आणि स्वस्त पडतं म्हणून तिप्पट उडवायचा. अगं, माझा भाऊ पैसे वाचवता वाचवता भिकेला लागला असता, तू होतीस म्हणून वाचला."

"गप रे. दिवाणखान्यात बसून बिअर पिण्यापेक्षा बरं होतं ते."

"ते आहे."

बाहेर गाडी वाजली. सिग्ने आली होती, त्यांची एकुलती मुलगी. पाच तास गाडी हाकून आली होती, तरी बूट काढायच्या आधी आईला मिठी मारली, काकाच्या पोटाला बोटानं टोचलं आणि टेबलावरच्या खोक्यात डोकावली.

"काका, बाबांच्या वस्तू विकायला काढल्यास? अजून वर्ष झालं नाही."

"विकतोय कुठे, नुसतं वर आणलं."

सिग्नेनं खोक्यातल्या डब्या एकेक करून बाजूला सारल्या आणि तळाची एक बाहेर काढली. तिच्यावर रंगाऱ्याची चिकटपट्टी लावून नॉर्व्हलच्या मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'पोरीची'. सिग्ने त्या पट्टीवरून अंगठा फिरवत राहिली.

"ही माझी. पणजोबांच्या रायफलीची. उद्या हीच नेणार."

"दुकानातली घे," डेल्मर म्हणाला.

"काका, मी बारा वर्षांची असल्यापासून बाबांनी भरलेल्याशिवाय दुसरं काडतूस उडवलेलं नाही. आता सुरुवात करू?" तिचे डोळे भरून आले तशी ती पटकन वळली. "रायफल गेल्या वर्षीपासून तशीच आहे. खडीच्या खाणीत जाऊन चार बार काढते, नेम कुठे लागतोय बघते. उजेड आहे तोवर परत येते. आई, भूक लागलीय हां मला."

आणि भिंतीवरची ती जुनी, एका वेळी एकच काडतूस घेणारी रायफल काखोटीला मारून ती निघूनही गेली.

आर्डिस सोलाणं हातात धरून तशीच उभी. ती डबी कधी भरली गेली, ते तिला पक्कं आठवत होतं. फेब्रुवारीत. बर्फानं दार अडलं होतं आणि चर्चलाही जाता आलं नव्हतं, त्या आठवड्यात. नॉर्व्हल तळघरात बसून होता. वर येऊन म्हणाला होता, "पोरीची झाली बघ भरून. पावडर निम्मी, धक्का निम्मा, खर्च निम्मा." त्या म्हाताऱ्या रायफलीला जोराचा बार सोसत नाही, म्हणून तो तिच्यासाठी हलकी काडतुसं भरायचा. अंगठ्याएवढी पुंगळी आणि तळाशी चिमूटभर पावडर.

आणि त्याच दिवशी जेवताना त्यानं प्रार्थना दोनदा म्हटली होती.

प्रार्थना घरातली जुनी, चार ओळींची, त्याच्या आजोबांनी नॉर्वेहून येताना ओठांवर आणलेली. म्हटली, आमेन झालं, चमचा उचलला, ठेवला, पुन्हा हात जोडले आणि पुन्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत तितक्याच मनापासून म्हटली. पहिल्यांदा हे झालं तेव्हा आर्डिसला वाटलं, आज याचं मन भरून आलंय. आठवड्याभरात तिला कळलं की त्याला पहिली आठवतच नव्हती. ती काही बोलली नाही. दुसऱ्यांदाही डोकं वाकवलं, दुसऱ्यांदाही आमेन म्हटलं. डॉक्टरला सांगितलं नाही, पास्टरना सांगितलं नाही. ईस्टरला सिग्ने आली तेव्हा टेबलाशी बसल्या बसल्या प्रार्थना त्याच्याऐवजी आर्डिसनंच सुरू केली. नॉर्व्हलनं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. ते पाहणं तिला अजून झोपू देत नव्हतं.

"कसला विचार करतेस?" डेल्मरनं विचारलं.

"कुठे काय."

सांगावं की नाही? डेल्मरनं आत्ताच तर सांगितलं होतं, भावाच्या हातावर आपला कधी भरवसा नव्हता म्हणून. त्याच्याच तोंडावर म्हणायचं की भरवसा ठेवण्यासारखं त्याचं डोकंही राहिलं नव्हतं? मेलेल्या माणसाला स्वतःची बाजू मांडता येत नाही. आणि तळघरात तो वेगळा असायचा. तिथे रेडिओसुद्धा लावू द्यायचा नाही. जेवणाचं टेबल वेगळं, ते टेबल वेगळं. आर्डिस स्वतःला हे सांगत होती आणि बटाट्याऐवजी बोटाची साल निघाली.

टेकडीमागून बार ऐकू आला. खाण टेकडीपलीकडेच होती.

"गेला पहिला," डेल्मर म्हणाला. "आवाज मऊ आहे. भरायचा बाकी चांगली हं."

आर्डिसनं बोट नळाखाली धरलं. असा मऊ बार आला म्हणजे पोर धडधाकट आहे. पण बार आला म्हणजे आता ती पुढचं काडतूस घालणार. दुसरा बार आला. तिच्या जिवात जीव आला आणि लगेच निघूनही गेला.

"डेल्मर, एक विचारू? काडतुसात पावडर दोनदा पडली तर काय होतं?"

"कशात? साध्या रायफलीत पडूच शकत नाही. पुंगळी गच्च भरलेली असते, दुसऱ्यांदा ओतलीस तर टेबलभर सांडेल, आंधळ्यालाही कळेल."

"आणि या जुन्या रायफलीत? हलक्या काडतुसात?"

"त्यात..." डेल्मर थांबला. "त्यात पुंगळी निम्म्याहून जास्त रिकामीच असते. दोनदा पडली तरी वरून गोळी बसेल. पण मग नळी फुटते, आर्डिस. तोंडावर फुटते. तू हे का विचारतेस?"

तिसरा बार आला नाही.

"गाडीची किल्ली दे," ती म्हणाली.

"माझी? तुला तो ट्रक—"

"दे म्हणते ना!"

आर्डिसनं आवाज चढवलेला डेल्मरनं उभ्या आयुष्यात ऐकला नव्हता. त्यानं निमूट किल्ली पुढे केली आणि हे लक्षात येईपर्यंत ती अंगणात पोचलीही होती. "अगं थांब, मी येतो," म्हणत तो मागे धावला, पण ट्रक फाटकातून निघून गेला होता.

खाणीत फोन लागत नाही हे साऱ्या दरीला ठाऊक होतं. खड्ड्या-खड्ड्यांवरून ट्रक आदळत होता. एवढ्या थंडीत तिनं काच खाली घेतली, कारण इंजिनाच्या घरघरीत बार ऐकू येईना. ऐकू यावा असंही वाटे, येऊ नये असंही वाटे. देवाकडे नेमकं काय मागावं तेच तिला समजेना. रोज सकाळी ठरल्या वेळी, ठरल्या जागी बसून ती जे मागायची ते कसं घडी घातलेलं असायचं. आता नुसतं "थांबव, थांबव" एवढंच तोंडात येत होतं, आणि ते ती देवाला म्हणत होती की पोरीला, कोण जाणे. टेकडीच्या वळणावर तिसरा बार झाला. तिनं दोन्ही हातांनी हॉर्न दाबला आणि खाणीत शिरेपर्यंत दाबूनच धरला.

सिग्ने गुडघ्यावर बसली होती. रायफल उघडी, बोटांत चौथं काडतूस. ती वळून पाहत राहिली.

"आई? काय झालं? काकाला काही झालं?"

"ते खाली ठेव."

"अगं काय—"

"खाली ठेव आधी."

सिग्नेनं काडतूस डबीत ठेवलं. आर्डिसला धाप लागली होती. तिनं ट्रकच्या गरम बोनेटवर हात टेकला आणि जे कधीच कुणाला सांगायचं नाही असं ठरवलं होतं, ते खडीच्या ढिगाकडे बघत सांगून टाकलं.

सिग्नेनं डबीचं झाकण लावलं. मग म्हणाली, "प्रार्थना दोनदा?"

"पहिल्यांदा रविवारी. मग जवळजवळ रोज."

"आणि तू मला फोनवर काय सांगायचीस? बाबा मजेत आहेत, बाबा तळघरात आहेत. तळघरात! दारूगोळ्याशी!"

"हो."

"मला का नाही सांगितलंस?"

"त्याला लाज वाटली असती."

"आणि माझं तोंड फुटलं असतं ते?" सिग्ने ओरडली. आवाज खाणीच्या भिंतीवर आपटून परत आला, तशी तीच दचकली. रायफल बंद करून तिनं गाडीत आडवी ठेवली. आईकडे न बघता म्हणाली, "बाबा असं कधीच करणार नाहीत. तळघरात नाही. चल घरी, मी उघडून दाखवते तुला. एकूण एक."

घरी डेल्मर फाटकाशी येरझारा घालत होता. दोनदा म्हटलेल्या प्रार्थनेचं आर्डिसनं त्यालाही फाटकातच सांगितलं. तिघंही तळघरात उतरली.

तळघर नॉर्व्हलनं ठेवलं होतं तसंच होतं, हत्यारं आपापल्या खिळ्याला, ब्रश कपात उभे. सिग्नेनं हातोडीसारखं एक प्लास्टिकचं हत्यार काढलं, त्याच्या तोंडात काडतूस अडकवलं आणि जमिनीवर आपटलं. तिसऱ्या ठोक्याला गोळी पुंगळीतून निसटली. पावडर तिनं काट्याच्या ताटलीत ओतली. पावडरीबरोबर कापसासारखा पांढरा पुंजका बाहेर आला.

"हे काय?" आर्डिसनं विचारलं.

"निम्मी पावडर रिकाम्या पुंगळीत इकडेतिकडे लोळते. ती तळाशी टोपीजवळ राहावी म्हणून वर हे दाबायचं," सिग्ने रुक्षपणे म्हणाली. काटा पाहिला. "बरोबर. अगदी बरोबर."

आर्डिसनं तो पुंजका उचलला, बोटांत चोळला, उजेडाशी धरला. "सिग्ने, हा माझ्या उशीतला आहे."

"काय?"

"किती वर्षं म्हणतेय मी, माझी उशी दर हिवाळ्याला चपटी होत जाते! तर मला म्हणायचा, तुझ्या डोक्यात जड विचार असतात, त्यांचं ओझं पडतं उशीवर."

डेल्मर आधी खोकला, मग खोकला आवरेना, मग भिंतीला टेकून पोट धरून हसायला लागला. "बचत! पंधरा सेंटचा कापूस वाचवला गं त्यानं!" सिग्नेलाही हसू फुटलं आणि फुटल्या फुटल्या तिनं बाही डोळ्यांना लावली.

पण हात थांबले नाहीत. डेल्मर जमिनीवर मांडी घालून ठोकू लागला, सिग्ने तोलू लागली, आर्डिस पुंजके वेगळे करू लागली. ठोक, ठोक, ठोक. बरोबर. ठोक, ठोक. बरोबर. दर वेळी सिग्ने 'बरोबर' म्हणताना आईकडे बघायची, आणि दर वेळी आर्डिसला वाटायचं, आपण त्याचं झाकलेलं उघडं केलं ते उगाचच. तरीही पुढच्या ठोक्याला तिचा जीव खालीवर व्हायचा. डबीत मोजकीच उरली तेव्हा डेल्मर उठायलाच लागला. "पुरे आता. माणूस पक्का होता. मी माझे शब्द—"

"सगळी," आर्डिस म्हणाली. "सगळी उघडायची."

तो परत बसला.

त्यातल्याच एकातून पुंजका आला, त्याच्यामागे पावडर आली, आणि पुंगळी हलवली तर अजून काहीतरी अडलं होतं. सिग्नेनं चिमट्यानं ओढलं. दुसरा पुंजका. त्याच्याखाली पुन्हा पावडर.

सिग्नेनं वरची पावडर तोलली. खालची वेगळी तोलली. काट्याची सुई दोन्ही वेळा एकाच रेघेवर येऊन थांबली.

"दोन्ही वेळा बरोबर," ती पुटपुटली. "बघ ना आई. घातली, कापूस दाबला. परत पहिल्यापासून घातली, परत कापूस दाबला. कुठे कसूर नाही."

"ती पुंगळी टेबलावर ठेव," आर्डिस म्हणाली. तिनं ते दोन पुंजके तळहातावर घेतले. मग ती स्टूल ओढून बसली.

डेल्मरनं टोपी काढून मांडीवर ठेवली. म्हणाला, "सिग्ने, उद्या माझी दुसरी रायफल ने. माझ्याकडे दुकानातली आहेत तिच्यासाठी. आणि मी... माझ्या गॅरेजमध्ये त्याच्या पूर्वीच्या डब्या आहेत, अगदी तरणाबांड होता तेव्हाच्या. मी उद्या त्यातली उडवतो. एकदा तरी उडवायला हवी होती मी."

"नाही," आर्डिस म्हणाली. आवाज पुन्हा रोजचा, हळू झाला होता. "तू नियम धरलास ना इतकी वर्षं? मग आत्ता त्याच्यावरच्या मायेपायी मोडू नको. तीही उघडू आपण. हिवाळा मोठा आहे."

उजेड होता तेवढ्यात सिग्नेनं सारी पावडर एका डब्यात गोळा केली आणि तिघं अंगणात गेली. ही पावडर परत वापरायची नसते; ती मातीवर पसरून टाकतात, पावसानं विरते, म्हणे झाडांना चांगली. आर्डिसनं आपल्या पिओनीच्या फुलांच्या वाफ्यात मुठीमुठीनं फेकली.

"या तालुक्यातलं सगळ्यात महागडं खत," डेल्मर म्हणाला. "गोळ्या गेल्या, टोप्या गेल्या, पावडर गेली. बचतीचा हिशेब काय झाला म्हणायचा?"

"उशी धरून की सोडून?" सिग्नेनं विचारलं.

आत बटाटे निम्मे सोललेले, निम्मे सालासकटच शिजले होते. कुणी तक्रार केली नाही. सिग्नेनं ताटं मांडली; खाणीतला राग अजून तिच्या हातात होता, ताटं जरा आपटूनच ठेवली. पण बसताना आपली खुर्ची तिनं आईच्या बाजूला ओढली. आर्डिसनं हात जोडले आणि त्या चार ओळी म्हटल्या. आमेन झालं. वाफ वर जात राहिली. तिनं डोळे उघडले तर कुणी चमचा उचलला नव्हता. सिग्नेची मान खालीच होती आणि डेल्मरनं, नेहमी आमेनच्या आधीच भाजीकडे हात जाणाऱ्या डेल्मरनं, डोळे घट्ट मिटून घेतले होते. वाट बघत.

आर्डिसनं पुन्हा हात जोडले आणि पहिल्यापासून सुरुवात केली.